संघटनेची वर्गणी भरण्याआधी : पीए आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी खर्चाचा हिशोब

गडचिरोली जिल्ह्यातल्या सूरजागड, हेडरी, एटापल्लीकडून नर्सिंग किंवा फिजिशियन असिस्टंटचं (पीए) शिक्षण घ्यायला बाहेरगावी गेलेल्या मुलामुलींपुढे पहिल्याच वर्षी प्रश्न येतो : व्यावसायिक संघटनेचं सदस्य व्हावं का? माझं उत्तर 'व्हावं' असंच आहे. फक्त कशाचे पैसे भरतो आहोत, हे आधी नीट समजून घ्या.

सदस्यत्व म्हणजे नोंदणी नव्हे

संघटना स्वेच्छेची असते, नोंदणी कायद्याची. नर्सिंग पूर्ण झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करावीच लागते. पीएचा समावेश २०२१च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात झाला असून नोंदणीचं काम त्या कायद्याखालच्या राज्य परिषदेचं आहे. 'आमचं कार्ड घ्या, लायसन्स मिळेल' असं कुणी म्हणालं, तर एक रुपयाही देऊ नका. शिवाय पीएला डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काम करता येतं. कोणत्याही संघटनेचं कार्ड स्वतंत्र दवाखाना थाटण्याचा हक्क देत नाही.

कोणती संघटना?

नर्सिंगसाठी वाट रुळलेली आहे. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया १९०८ची, तिची स्टुडंट नर्सेस असोसिएशन १९२९ची. कॉलेजात या संघटनेचं युनिट असेल, तर सदस्यत्व तिथूनच घ्या. पीएचा अभ्यासक्रम आपल्याकडे १९९२मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये सुरू झाला. या व्यवसायासाठी इंडियन असोसिएशन ऑफ फिजिशियन असिस्टंट्स आहे. व्यवसाय नवा असताना विद्यार्थ्यांचा आवाज किती मोलाचा ठरतो, हे अमेरिकेत दिसलं. तिथली पीएंची राष्ट्रीय संघटना १९६८मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आणि माजी विद्यार्थ्यांनीच उभी केली.

पैसे कुठे जातात?

१. वर्गणी : वार्षिक की पूर्ण अभ्यासक्रमाची, हे विचारा. कॉलेजच्या फीमध्ये ती आधीच धरली असेल, तर दुसऱ्यांदा भरू नका. पदवीनंतर पूर्ण सदस्य होताना सवलत आहे का, तेही विचारून ठेवा.

२. अधिवेशन : खरा खर्च इथे. नोंदणी शुल्क, प्रवास, मुक्काम, जेवण आणि पोस्टरची छपाई, असे पाच आकडे वेगवेगळे मांडा. विद्यार्थी दरासाठी बोनाफाईड जोडा आणि मुदतीआधी नोंदणी करा. उशिरा भरणाऱ्याला बहुधा जास्त पैसे मोजावे लागतात.

३. प्रवास : गावाहून निघालात तर एटापल्ली, आलापल्ली, गडचिरोली असं टप्प्याटप्प्याने जावं लागतं आणि नागपूरच्या कार्यक्रमासाठी एका रात्रीचा मुक्काम धरावाच लागतो. १७ मार्च २०२३पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. मुलींनी हिशोब त्याच दराने करावा.

भार हलका कसा होईल?

अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर, महाडीबीटीवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. योजनेच्या मूळ दरांनुसार नागपूरसारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये मिळतात. एटापल्ली तालुक्यासाठी चौकशी भामरागड एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करा. मात्र हे पैसे हप्त्यांनी खात्यावर येतात, अधिवेशनाच्या तारखेची वाट पाहत नाहीत. म्हणून हप्त्याच्या भरवशावर उसनवारी करू नका.

पावतीवर काय पाहाल?

संघटनेचं पूर्ण नाव, तिचा नोंदणी क्रमांक, तुमचं नाव, रक्कम आणि सदस्यत्वाची मुदत. क्यूआर कोडवर एखाद्या माणसाचं वैयक्तिक नाव दिसलं, तर पैसे थांबवा. फसगत झालीच, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

माझा सल्ला

पहिल्या वर्षी फक्त वर्गणी भरा आणि कॉलेजातल्या युनिटमध्ये काम करा. दुसऱ्या वर्षी जवळचं, शक्यतो राज्यपातळीचं एकच अधिवेशन गाठा, तेही पोस्टर किंवा निबंध घेऊन. मलेरिया, सिकलसेल, पावसाळ्यात तुटणारे रस्ते हे विषय तुम्ही घरातून पाहिलेले आहेत. एटापल्लीच्या ग्रामीण रुग्णालयात कोणतं मनुष्यबळ कमी पडतं, हे अधिवेशनात मांडा. पीएची पदं मोठ्या शहरांतल्या खासगी रुग्णालयांपुरती राहू नयेत, ही मागणी संघटनेच्या ठरावात आणायला दुर्गम भागातलाच सदस्य लागतो. वर्गणी वसूल होते ती अशा कामातून.