आधी ओळख ठरव, मग शोध

पोरी, तू आशाताई आणि अंगणवाडी सेविकांसाठी ॲप लिहायला घेतलंस, फार चांगलं केलंस. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात एकेक गाव कित्येक पाड्यांत विखुरलेलं असतं. हातात फोन असतो, पण रेंज असेलच याची खात्री नसते. अशा ठिकाणी फोनमधली यादी हाच सेविकेचा आधार. ती यादी भरणं सोपं आहे, तिच्यातून नेमका माणूस काढणं अवघड. अंकांच्या किंवा शब्दांच्या यादीत कसं शोधायचं हे प्रोग्रॅमिंगच्या भाषेला आधीच ठाऊक असतं. पण नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव, पाडा, जन्मतारीख असं सगळं एकत्र बांधून आपण 'व्यक्ती' नावाचा स्वतःचा प्रकार बनवला, की शोधायचं कसं हे आपल्यालाच ठरवावं लागतं. इतकी वर्षं हेच काम करताना जे पक्कं झालं, ते तुझ्या कानावर घालतो.

१. 'सारखं' म्हणजे काय, हे फोनला तू सांगायचंस

जावामध्ये तेच नाव, तोच पाडा, तीच जन्मतारीख घालून दोन ऑब्जेक्ट बनव आणि विचार, हे सारखे आहेत का? उत्तर येईल, नाही. तू वेगळं काही सांगितलं नसशील, तर 'इक्वल्स' एवढंच बघतं की मेमरीतली ही एकच वस्तू आहे का. लिस्टचं 'कंटेन्स' आणि 'इंडेक्सऑफ' त्याच 'इक्वल्स'ला विचारून उत्तर देतात. म्हणून माणूस यादीत डोळ्यांना दिसत असतो, तरी 'कंटेन्स' नाही म्हणतं आणि 'इंडेक्सऑफ' उणे १ देतं.

कोटलिनमध्ये क्लासच्या आधी 'डेटा' लिहिलंस की तुलना आपोआप मिळते. पण त्यात मुख्य कन्स्ट्रक्टरमधलीच फील्ड धरली जातात, क्लासच्या आत नंतर जोडलेली नाहीत. स्विफ्टमध्ये स्ट्रक्टला 'इक्वेटेबल' म्हटलं आणि त्यातली सगळी फील्ड तशी असली, तर ४.१ आवृत्तीपासून कंपायलर तुलना स्वतः लिहून देतो. क्लाससाठी मात्र ती आपण लिहायची. फ्लटरच्या डार्टमध्येही आपण सांगेपर्यंत 'सारखं' म्हणजे 'तीच वस्तू'. भाषा कुठलीही घे, पहिल्याच दिवशी हा प्रश्न सोडव.

२. नाव ही ओळख नव्हे

आपल्या जिल्ह्यात पाडवी, वसावे, वळवी, गावित, पावरा ही आडनावं गावोगाव आहेत. एकाच गावात एकाच नावा-आडनावाची माणसं सहज सापडतात. नाव आणि गाव जुळलं म्हणजे माणूस जुळला, असं तुझ्या कोडनं धरलं, तर एका बाळाची लस दुसऱ्याच्या नावावर चढेल. जन्मतारखेवरही विसंबू नकोस. जुन्या माणसांच्या तारखा बऱ्याचदा अंदाजानं लिहिलेल्या असतात, आणि १ जानेवारी किंवा १ जून ही तारीख अनेकांच्या कागदावर दिसते.

देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिले गेले. एका माणसाला एकच क्रमांक, हे त्यामागचं तत्त्व तू घे, पण आधार क्रमांकच तुझ्या यादीची किल्ली करू नकोस. तो खाजगी असतो, आणि नवजात बाळाकडे तर बहुधा नसतोच. प्रत्येक नोंदीला ॲपनंच स्वतःचा क्रमांक द्यावा. त्यासाठी यूयूआयडी वापर. हा १२८ बिटांचा क्रमांक फोन सर्व्हरला न विचारता तिथल्या तिथे बनवतो. दोन पाड्यांवर दोन सेविका रेंज नसताना नोंदी करत असल्या, तरी त्यांचे क्रमांक एकमेकांवर आदळण्याची भीती व्यवहारात उरत नाही. १, २, ३ असे चढते क्रमांक ठेवलेस तर पहिल्याच सिंकला दोन वेगळी माणसं एकाच क्रमांकावर येतील.

३. 'इक्वल्स' लिहिलंस तर 'हॅशकोड'ही लिही

या दोघांची जोडी आहे. दोन ऑब्जेक्ट 'सारखे' असतील तर त्यांचा हॅशकोडही सारखाच यायला हवा. हॅशसेट आणि हॅशमॅप आधी हॅशकोडवरून कप्पा शोधतात आणि मगच त्या कप्प्यात तुलना करतात. जोडी फुटली की वस्तू एका कप्प्यात आणि शोध दुसऱ्याच कप्प्यात, असं होतं.

आणखी एक. जे बदलतं ते हॅशकोडमध्ये घेऊ नकोस. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. मुक्काम बदलतो, मोबाइल नंबर बदलतो. नोंद सेटमध्ये असताना असं फील्ड बदललं, तर ती नोंद तिथेच असूनही सापडत नाही. जन्मभर न बदलणारी गोष्ट एकच, तू दिलेला क्रमांक. ओळख त्याच्यावर बांध.

इथे तुला शंका येईल की मग माहिती बदलली हे कळायचं कसं? ते प्रश्न दोन आहेत आणि दोन्ही वेगळे ठेवायचे. अँड्रॉइडचं 'डिफयूटिल' हेच दोन प्रश्न विचारतं: हा तोच माणूस आहे का, आणि त्याची माहिती जशीच्या तशी आहे का. पहिल्याला उत्तर क्रमांकानं दे, दुसऱ्याला सगळी फील्ड ताडून.

४. एक हवा की सगळे, ते ठरवून विचार

कोटलिनचं 'फाइंड' पहिला जुळणारा देतं, नसेल तर 'नल'. 'फर्स्ट'ही पहिलाच देतं, पण नसेल तर एरर फेकतं. डार्टच्या 'फर्स्टव्हेअर'ला 'ऑरएल्स' दिलं नाहीस तर तेही एरर फेकतं, आणि सेविकेच्या हातातलं ॲप नाव टाइप करता करता अडकतं. स्विफ्टचं 'फर्स्ट' रिकामं उत्तर गृहीत धरायला भाग पाडतं, तीच सवय बाकी भाषांतही ठेव.

क्रमांकानं शोधताना 'फाइंड' ठीक. नावानं शोधताना मात्र 'फिल्टर'च वापर आणि जुळणारी सगळी माणसं दाखव. प्रत्येकाच्या नावाखाली वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि पाडा लिही. पहिला सापडलेला माणूस गुपचूप उघडून देणारा शोध लिहू नकोस. निवड सेविका करेल, तिला घरं माहीत आहेत.

५. देवनागरीत शोधायचं तर 'शोधरूप' बनव

आपल्या जिल्ह्याचंच नाव घे. कुणी नंदुरबार लिहितं, कुणी नंदूरबार. फोनच्या लेखी हे दोन वेगळे शब्द, कारण ऱ्हस्व आणि दीर्घ उकाराला युनिकोडमध्ये वेगळे अंक आहेत. गावित आणि गावीत, नवापूर आणि नवापुर, तळोदा आणि तळोदे यांचंही तसंच. अक्राणी तालुक्याचं मुख्य ठिकाण धडगाव, म्हणून एक जण तालुका अक्राणी लिहितो, दुसरा धडगाव.

काही फरक तर डोळ्यांना दिसतही नाहीत. 'कुऱ्हाडे' या आडनावातला ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक कीबोर्ड खास 'ऱ' वापरतो, दुसरा साध्या र ला हलंत देऊन त्यापुढे शून्य रुंदीचं एक अदृश्य जोडचिन्ह घालतो. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात, तुलनेत मात्र जुळत नाहीत.

यावर उपाय असा. प्रत्येक नोंदीत नावाशेजारी त्याचं एक शोधरूप साठव. ते बनवणारं फंक्शन एकच असू दे, आणि त्यात क्रमानं एवढं कर: युनिकोडचं एनएफसी रूप घे, शून्य रुंदीची चिन्हं काढ, ऱ चा र कर, दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व कर, देवनागरी आणि इंग्रजी आकडे एकाच तऱ्हेचे कर, जास्तीच्या मोकळ्या जागा काढ. सेविकेनं टाइप केलेला शब्दही याच फंक्शनमधून जाऊ दे आणि मग दोन शोधरूपं ताड.

मूळ नावाला मात्र हात लावू नकोस. माणूस आपलं नाव जसं लिहितो तसंच पडद्यावर दिसलं पाहिजे. आणि तालुका, गाव हे शब्द म्हणून साठवू नकोस. सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला कोड आहे. तो साठव आणि नावं त्याच्यावरून दाखव.

६. यादी केवढी आहे, ते बघून हत्यार उचल

एका सेविकेकडे काहीशे माणसं असतील. एवढी यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली तरी फोनला जाणवत नाही. तिथे साधा 'फिल्टर' पुरे, उगाच गुंतागुंत करू नकोस.

तालुक्याची यादी लाखावर गेली आणि क्रमांकानं वारंवार शोधायचं असलं, तर कोटलिनच्या 'असोसिएटबाय'नं एकदा मॅप बनवून ठेव. खतावणीच्या सुरुवातीला पान क्रमांकांची सूची असली की दुकानदार पानं चाळत बसत नाही, थेट खातं उघडतो, तसं हे काम आहे. नावानं शोधायला फोनमधल्या एसक्यूलाइटवर काम टाक. शब्दाच्या सुरुवातीनं शोधलंस तर इंडेक्सचा उपयोग करून घेता येतो. शब्दाच्या आधीही टक्क्याचं चिन्ह लावलंस तर सगळा तक्ता चाळला जातो.

बायनरी सर्च लाखभर नावांत सतरा तुलनांत उत्तर देतं, पण यादी आधी क्रमानं लावलेली हवी आणि क्रम लावताना जी तुलना वापरली, तीच शोधताना वापरायला हवी. मराठी वर्णमालेत 'ळ' हा 'ह' नंतर येतो, तर युनिकोडच्या अंकांत तो 'ल' ला लागूनच बसलेला आहे. यादी मराठी क्रमानं लावलीस आणि शोध युनिकोडच्या क्रमानं घेतलास, तर एरर येणार नाही, नुसताच माणूस सापडणार नाही. अशी चूक पकडायला सगळ्यात अवघड.

७. यादीतली जागा म्हणजे माणूस नव्हे

शोधानंतर पडद्यावर तीन नावं उरली आणि सेविकेनं तिसऱ्यावर बोट ठेवलं, तर मूळ यादीतली तिसरी नोंद उघडता कामा नये. गाळलेल्या यादीतली जागा आणि मूळ यादीतली जागा यांचा संबंध नाही. पुढच्या पडद्याला नेहमी व्यक्तीचा क्रमांक दे, जागेचा आकडा कधीच देऊ नकोस. यादी नव्यानं लागते, सिंकनं मध्येच चार नावं वाढतात. क्रमांक तेवढा जागचा हलत नाही.

८. टाइप करणाऱ्याला अडवू नकोस

प्रत्येक अक्षराला शोध सुरू करू नकोस. बोट थांबल्यावर पाव सेकंदाच्या आसपास वाट बघ आणि मग शोध. नवा शोध सुरू होताना जुना रद्द कर, नाहीतर उशिरा आलेलं जुनं उत्तर नव्यावर येऊन बसतं. मोठं काम मुख्य थ्रेडवर ठेवू नकोस. स्पर्शाला पाच सेकंद उत्तर मिळालं नाही, की अँड्रॉइड 'ॲप प्रतिसाद देत नाही' असा निरोप दाखवतं. अंगणवाडीत स्वस्तातले फोन असतात. आपल्या टेबलावरच्या फोनवर जे पळतं, ते तिथे पळेलच असं नाही. स्वस्तातल्या फोनवरच चाचणी घे.

९. 'सापडलं नाही' हे जपून म्हण

शोधाला उत्तर मिळालं नाही, तर 'या नावानं नोंद सापडली नाही' असं लिही. 'नोंद नाही' असं लिहू नकोस, कारण ते तुला माहीत नाही. त्याखाली जवळची नावं दाखव, वडिलांच्या नावानं किंवा पाड्यावरून शोधण्याची सोय दे, आणि त्यानंतरच 'नवी नोंद' हे बटण येऊ दे. हे बटण घाईनं पुढे केलंस की एकाच बाळाच्या दोन नोंदी होतात. एकीवर लस लागते, दुसरीवर वजन चढतं, आणि कुपोषणाकडे जाणारं मूल दोन अर्धवट नोंदींत वाटलं जाऊन कुणाच्याच नजरेत येत नाही. आपल्या जिल्ह्यात ही चूक परवडणारी नाही.

म्हणून पडदे रंगवण्याआधी बसून दोनच फंक्शन लिही: एक दोन व्यक्ती एकच आहेत का हे सांगणारं, दुसरं नावाचं शोधरूप बनवणारं. इथल्या तऱ्हेची बनावट नावं घेऊन दोन्हींच्या चाचण्या लिही, खऱ्या माणसांची माहिती चाचणीत कधी घालू नकोस. मग ॲप एखाद्या सेविकेच्या हातात दे आणि तिच्या शेजारी बसून बघ, ती नाव कसं लिहिते, कुठे थांबते. जिथे ती थांबेल तिथे तुझं पुढचं काम आहे.