शेवटच्या दोन चौकटी अडल्या तर

प्रश्न : सरकत्या चौकटींच्या ऑनलाइन कोड्यात कॅनडातल्या कोरीव टोटेम खांबांचं चित्र आहे. सगळं जुळतं, पण शेवटच्या दोन चौकटींची अदलाबदल उरते. काय करू?
– एक वाचक, पुसद

उत्तर : रात्र जागवू नका. १६ घरांच्या कोड्यात रिकामं घर कोपऱ्यातच ठेवून केवळ दोन चौकटींची अदलाबदल होत नाही. १८७९मध्येच हे गणितानं सिद्ध झालंय. मग चूक कुठं? बहुधा आकाशात! तिथल्या सारख्या दिसणाऱ्या दोन चौकटी आपसांत बदला, अडलेली जोडीही सुटेल. खांबांवरचे चेहरे फसवतात, चोच बघा. सरळ डोमकावळ्याची, बाकदार गरुडाची. वरच्या दोन ओळी आधी लावा, खालच्या दोन डावीकडून उभ्या जोड्यांनी. एकसारखी जोडीच नसेल, तर कोडंच सदोष आहे. खुशाल सोडून द्या.