स्विचवरील वाहतुकीचे वर्गीकरण

१९८६ साली सुरू झालेल्या ‘अर्नेट’ या शैक्षणिक जाळ्याच्या प्रकल्पात बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, पाच आयआयटी आणि मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र सहभागी होते. आज अशा संस्थांमध्ये दूरस्थ व्याख्याने, ई-मेल आणि मोठ्या फाइली एकाच वाहिनीतून जातात. वाहिनी भरली तर ई-मेल उशिरा पोहोचल्याने बिघडत नाही. व्याख्यानाचा आवाज मात्र तुटतो. म्हणून स्विचला पॅकेटचे वर्ग ओळखावे लागतात.

त्यासाठी ‘प्रवेश नियंत्रण यादी’ वापरतात. प्रमाणित यादी केवळ उगमाचा आयपी पत्ता तपासते; विस्तारित यादी गंतव्य पत्ता, प्रोटोकॉल व पोर्ट क्रमांकही तपासते. नियम वरून खाली तपासले जातात आणि पहिला जुळणारा नियम लागू होतो. त्यामुळे विशिष्ट नियम आधी व व्यापक नियम नंतर लिहावेत.

येथे एक भेद महत्त्वाचा आहे. सुरक्षेसाठीच्या यादीत ‘डिनाय’ म्हणजे पॅकेट नाकारणे. वर्गीकरणात त्याचा अर्थ सामान्यतः ‘या वर्गात नाही’ एवढाच होतो. कोणत्याही वर्गात न बसणारे पॅकेट सर्वसाधारण वर्गात जाते.

निवडलेल्या पॅकेटवर सहा बिटांची डीएससीपी खूण करता येते. तिची मूल्ये ० ते ६३ असून आवाजासाठी बहुधा ४६ वापरतात. या खुणेनुसार पॅकेटची रांग ठरते. यामुळे वाहिनीची क्षमता वाढत नाही. आहे त्या क्षमतेचे वाटप होते. म्हणून कोणत्या सेवेला विलंब चालणार नाही, हे संस्थेने आधी निश्चित करणे आवश्यक ठरते.