पाय मुरगळल्यावरचे पहिले पाच दिवस



डिसेंबर उजाडला की शाळाशाळांत मैदानी खेळांची गडबड सुरू होते. खो-खोत खांबाला वळसा घालताना, कबड्डीत पकडीतून सुटताना, लांब उडीत खड्ड्याच्या कडेवर पाय पडून, कुणाचा तरी पाय मुरगळतोच. मग पुढचं सगळं ठरलेलं असतं. कुणीतरी पाय ओढून बघतं, कुणी बाम चोळतं, घरी गेल्यावर हळद-मिठाचा गरम लेप, वर क्रेप बँडेज आणि "आठ दिवस पाय हलवायचा नाही" अशी ताकीद. सूज उतरते, मूल चालायला लागतं, विषय संपतो. पुढे कधीतरी तोच पाय पुन्हा मुरगळतो आणि आपण म्हणतो, "याचा पाय नाजूकच आहे." बऱ्याचदा पाय नाजूक नसतो, पहिल्या दुखापतीचा उपचार अर्धवट राहिलेला असतो.

हे कसं होतं ते आधी पाहू. पाऊल आतल्या बाजूला वळतं तेव्हा घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे लिगामेंट ताणले जातात किंवा थोडे फाटतात. लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारे चिवट पट्टे. पण त्यांचं काम फक्त बांधून ठेवण्याचं नाही. त्यांच्यात मज्जातंतूंची टोकं असतात आणि पाऊल कोणत्या कोनात टेकलं आहे याची खबर ती मेंदूला देत असतात. खड्ड्यात पाय पडताच आपण न पाहता सावरतो ते या खबरीमुळे. लिगामेंट दुखावला की ही खबर बिघडते. दुखणं थांबलं, सूज गेली, तरी ती आपोआप पूर्ववत होतेच असं नाही. म्हणून एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता जास्त असते. ही गेलेली सावरण्याची शक्ती परत शिकवावी लागते, आणि ते काम फिजिओथेरपिस्टचं.

आता विश्रांतीबद्दल. 1978 मध्ये गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी विश्रांती, बर्फ, दाब देणारी पट्टी आणि पाय उंच ठेवणं हा चार शब्दांचा उपाय मांडला. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो 'राइस' या नावाने जगभर पाठ झाला. पुढे खुद्द मर्किन यांनीच सांगितलं, की पूर्ण विश्रांती आणि सतत बर्फ यांमुळे भरून येण्याची क्रिया लांबू शकते. आज साधारण असं सांगितलं जातं: पहिले एक ते तीन दिवस पायाला जपा, नंतर दुखणं वाढणार नाही इतपत हालचाल आणि भार सुरू करा. प्लास्टर काढल्यावर पाय कसा काटकुळा झालेला असतो ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. विनाकारण बांधून ठेवलेल्या घोट्याच्या बाबतीतही कमी प्रमाणात तेच घडतं. स्नायू रोडावतात, सांधा आखडतो.

पण थांबा, लगेच फिजिओकडे धावायचं असंही नाही. आधी हाड मोडलेलं नाही ना, हे डॉक्टरांकडून कळायला हवं. मुलांच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचं. वाढत्या वयात हाडांच्या टोकाशी 'ग्रोथ प्लेट' नावाचा मऊ भाग असतो आणि तो पुष्कळदा लिगामेंटपेक्षा कमजोर असतो. मोठ्या माणसाचा जिथे लिगामेंट ताणला जाईल, तिथे सातवी-आठवीच्या मुलाची ग्रोथ प्लेट दुखावू शकते. म्हणून "मुरगळलंय फक्त" हा निकाल मैदानावर देऊ नका. 1992 मध्ये कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी घोट्याच्या एक्स-रेची गरज ठरवण्याचे नियम तयार केले. त्यातल्या दोन खुणा आपल्यालाही लक्षात ठेवता येतील: मुलाला चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्याच्या हाडावर बोट दाबताच ते कळवळत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पाय वाकडा दिसतोय, बोटं बधिर किंवा गार पडली आहेत, तर एक मिनिटही घालवू नका. डोक्याला किंवा मानेला मार असेल तर तो विषयच वेगळा, तिथे फक्त डॉक्टर.

चोळण्याबद्दल एक स्पष्ट सांगते. ताज्या दुखापतीवर चोळू नये, शेकू नये. सूज वाढते. कोपराच्या बाबतीत तर धोका मोठा आहे: मार लागलेलं कोपर जोरात चोळल्याने स्नायूत हाडासारखा कठीण भाग तयार होऊन हात कायमचा आखडू शकतो. हाडवैद्याकडे नेण्याचा आग्रह करणाऱ्या आजी-आजोबांना हे प्रेमाने पण ठामपणे सांगावं लागतं. दुखणं कमी करण्यासाठी बर्फ लावायचाच तर फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, थेट कातडीवर नको.

हाड शाबूत असल्याचं कळलं की पाच दिवसांच्या आत फिजिओथेरपिस्टला दाखवा. सूज पूर्ण उतरण्याची वाट पाहायची गरज नाही. खर्चाची काळजी असेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा, तिथे बहुधा हा विभाग असतो. पहिल्या भेटीत यंत्रांपेक्षा तपासणी महत्त्वाची: पाय किती वाकतो, भार किती पेलतो, दुसऱ्या पायाच्या तुलनेत ताकद किती. नंतर घरी करायचे व्यायाम. त्यातला एक आपल्या मराठीच्या तासाला शोभेल असा आहे, अंगठ्याने हवेत मुळाक्षरं लिहायची! 'क' आणि 'ळ' लिहिताना घोटा छान फिरतो. पुढे टाचा उचलणं, मग एका पायावर उभं राहणं, आधी डोळे उघडे, नंतर भिंतीजवळ डोळे मिटून. हा शेवटचा व्यायाम मुलं टाळतात, कारण दुखत नसताना तो कशाला असं त्यांना वाटतं. पण बिघडलेली खबर सुधारते ती यानेच. किती दिवस, किती वेळा, हे मात्र तपासणाऱ्यालाच ठरवू द्या.

पालकांनो, "पेपर जवळ आलेत, नंतर बघू" असं करू नका. व्यायामाला दिवसाला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तेवढी अभ्यासातून निघतात.

आणि क्रीडाशिक्षक मित्रांनो, मूल परत मैदानावर कधी घ्यायचं? स्पर्धेची तारीख बघून नव्हे. दुखऱ्या पायावर उभं राहून ते चांगल्या पायाइतकाच तोल सांभाळतंय का, त्या पायावर लंगडी घालताना दुखत नाही ना, धावताना एकदम वळलं तर बिचकत नाही ना, हे तिन्ही पाहा. तोवर त्याला गुणलेखक करा, वेळ नोंदवायला बसवा, पण संघाबाहेर काढून वर्गात पाठवू नका. वर्गात पाठवलेलं मूल दुसऱ्या दिवशी "आता दुखत नाही सर" असं खोटंच सांगतं.