डॉक्टर द्या, तेल घ्या

ग्रुप डिस्कशनमध्ये 'जागतिकीकरण' हा विषय निघाला की दोनच गट पडतात. एक म्हणतो, बाजार खुला करा. दुसरा म्हणतो, दारं बंद करा. पण शेजाऱ्यांनी मिळून एकमेकांची गरज भागवायची, असा तिसरा रस्ताही आहे. लॅटिन अमेरिकेने तो चालून पाहिला.

सुरुवात समजून घेऊ. १९८९ मध्ये व्हेनेझुएला सरकारने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या सल्ल्याने पेट्रोल महाग केलं. बसभाडं वाढलं, लोक रस्त्यावर आले आणि लष्कराच्या गोळीबारात शेकडो माणसं मेली. 'खुला बाजार' या शब्दाची तिथल्या गरिबांना झालेली ओळख ही अशी.

१९९४ मध्ये क्युबा सोडून अमेरिका खंडांतल्या ३४ देशांचा एकच मुक्त बाजार करायचं ठरलं. पण ब्राझील, अर्जेंटिनाचा प्रश्न साधा होता: अमेरिका स्वतःच्या शेतकऱ्यांना सबसिडी देणार आणि आम्ही मात्र बाजार उघडायचा, हा कुठला न्याय? २००५ मध्ये मार देल प्लाता इथल्या परिषदेत ही योजना अडली ती अडलीच.

त्याआधीच, डिसेंबर २००४ मध्ये, ह्युगो चावेझ आणि फिडेल कॅस्ट्रो यांनी हवानामध्ये 'आल्बा' करार केला. स्पॅनिशमध्ये आल्बा म्हणजे पहाट. तत्त्व सोपं: ज्याच्याकडे जे आहे ते त्याने द्यावं. व्हेनेझुएलाकडे तेल, क्युबाकडे डॉक्टर. काराकासच्या डोंगरउतारावरच्या झोपडपट्ट्यांत क्युबन डॉक्टर २००३ पासूनच राहत होते. मोतीबिंदूची ऑपरेशन्स फुकट झाली. २००६ मध्ये बोलिव्हिया आला. कोलंबियाने अमेरिकेशी मुक्त व्यापार ठरवल्यामुळे बोलिव्हियाच्या सोयाबीनचं गिऱ्हाईक जाणार होतं. ते सोयाबीन घ्यायची तयारी या दोघांनी दाखवली. डॉलरशिवाय हिशेब व्हावा म्हणून 'सुक्रे' हे चलनही काढलं. ते फक्त हिशेबापुरतं होतं, त्याच्या नोटा नव्हत्या.

मग अडलं कुठे?

आपल्या भाषेत सांगायचं तर ग्रिड उभी राहिली, पण मोठा जनरेटर एकच होता: व्हेनेझुएलाचं तेल. २०१४ च्या मध्यात तेल बॅरलमागे १०० डॉलरच्या वर होतं. जानेवारी २०१५ पर्यंत ते ५० च्या खाली आलं. व्होल्टेज पडलं आणि स्टँडबाय काहीच नव्हतं. म्हणजे ज्या जागतिक बाजाराला पर्याय शोधला, त्याच बाजारातल्या भावावर पर्याय चालत होता! शिवाय सगळी मैत्री सरकारासरकारांतली. २००८ मध्ये आलेला होंडुरास २०१० मध्ये बाहेर पडला, इक्वेडोर २०१८ मध्ये. आणि डॉक्टरांच्या कामाच्या मोबदल्यातला मोठा वाटा क्युबा सरकार ठेवून घेई, हेही विसरून चालणार नाही.

तरी हा प्रयोग फुकट गेला असं मला वाटत नाही. ज्या म्हातारीला पुन्हा दिसू लागलं, तिच्यासाठी तो यशस्वीच होता. खुल्या बाजाराने तिला गिऱ्हाईक म्हणून मोजलंच नव्हतं, कारण तिच्या हातात पैसा नव्हता.

धडा एवढाच, की शेजाऱ्यांची एकजूट हवी, पण तिचा भार एकाच खांबावर नको. देवाणघेवाण अनेक वस्तूंची हवी, हिशेब उघडा हवा आणि खुर्चीवरचा माणूस बदलला तरी करार टिकायला हवा. पुढच्या डिस्कशनमध्ये दोन गट पडले, तर हा तिसरा मुद्दा जरूर मांडा.