साध्या फोनवर जाण्याआधी नकाशाचं बघा

साधा बटणांचा फोन घ्यायचं मनात आलं, की पाऊल अडतं ते रस्त्यापाशी. बाकीच्या गोष्टींवाचून भागेल, पण अनोळखी गावात वाट कोण दाखवणार? मग नकाशा असलेला साधा फोन शोधण्यात लोक पैसे घालवतात. इवल्याशा पडद्यावर, बाण-बटणं दाबत सरकवायचा तो नकाशा बहुधा इंटरनेटवाचून उघडतही नाही. माझं स्पष्ट म्हणणं असं, की या दोन कामांसाठी दोन यंत्रं ठेवावीत. बोलायला साधा फोन आणि वाटेसाठी घरातलाच जुना स्मार्टफोन, सिम काढलेला.

हे जमतं, कारण जीपीएसला इंटरनेट लागतच नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह वेळ आणि स्वतःची जागा सतत सांगत असतात. फोन ते नुसतं ऐकतो आणि आपण कुठे आहोत याचं गणित स्वतः मांडतो. डेटा खर्च होतो तो नकाशा आणायला, आणि तो घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवता येतो. २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावर ऑरगॅनिक मॅप्स आणि ऑसमॅंड ही ॲप चालतात. गूगल मॅप्समध्येही नकाशा उतरवता येतो, पण तो अधूनमधून ताजा करावा लागतो आणि इंटरनेट नसताना फक्त गाडीचा रस्ता मिळतो, पायी चालण्याचा नाही. गडावर जाणाऱ्याने त्याच्या भरवशावर निघू नये.

फसगत होते ती बारीक गोष्टींत. नेटवर्क असताना कोणता उपग्रह कुठे आहे ही माहिती फोनला आयती मिळते. सिम काढलं की ती उपग्रहांकडूनच गोळा करावी लागते, आणि बरेच दिवस पडून असलेल्या फोनला त्यात काही मिनिटंही जातात. तेव्हा निघण्याआधी तो उघड्या आकाशाखाली धरून थांबा; स्लॅबखाली बसून बिघडला म्हणू नका. दुसरी अडचण पत्त्याची. ‘मारुतीच्या देवळामागे, पाटलांच्या वाड्याशेजारी’ हा पत्ता कोणताही नकाशा शोधून देत नाही. ज्यांच्याकडे जायचं त्यांच्याकडून त्या जागेचे अक्षांश-रेखांश एसएमएसने मागवा. १८.५२०४, ७३.८५६७ असे दोन आकडे टाकले की पुण्यातली जागा समोर येते; दशांशानंतर चार अंक असले की फरक पडला तरी दहा-बारा मीटरचा. ती खूण घरीच जतन करून ठेवा.

ताज्या वाहतुकीचं काय, हा आक्षेप रास्त आहे. कोंडी कुठे आहे हे उतरवलेल्या नकाशाला कळणार नाही. पण इंटरनेट असलं म्हणजे नकाशाला सगळं कळतं, हा समजही जिवावर बेततो. जानेवारी २०२१मध्ये अकोले तालुक्यात मोबाइलच्या नकाशावर विसंबून निघालेली गाडी पाण्याखाली गेलेल्या पुलावरून धरणात गेली आणि एकाचा जीव गेला. घाट सुरू आहे का, पुलावर पाणी आहे का, हे पायथ्याच्या टपरीवर किंवा एसटी स्टँडवर विचारायलाच हवं, फोन कोणताही असो. पावसाळ्यात वरंध घाटाकडे निघणाऱ्याने तर हटकून.

दोन यंत्रं बाळगायची तर स्मार्टफोन सुटला कुठे, असंही कोणी म्हणेल. हातात फोन सारखा येतो तो निरोपांमुळे आणि न संपणाऱ्या व्हिडिओंमुळे. नकाशाच्या फोनवर ते काहीच नको. बाकीची ॲप काढून टाका आणि नकाशे ताजे करण्यापुरतंच वायफाय लावा. तो उन्हात तापलेल्या गाडीत मात्र ठेवू नका, बॅटरी फुगते. पैशांसाठी मार्च २०२२पासून यूपीआय १२३पे साध्या फोनवरही चालतं. रिक्षा, टॅक्सी किंवा डिलिव्हरीचं काम ॲपवर अवलंबून असेल, तर मात्र कामाच्या वेळेत स्मार्टफोन सोडू नका, असंच मी सांगेन.

आणि निघण्याआधी घरच्या प्रत्येकाला एक गोष्ट करायला लावा. नकाशावर आपली जागा दाबून तिचे अक्षांश-रेखांश कुठे दिसतात ते शोधायचं आणि मोठ्याने वाचून दाखवायचं. डोंगरात कोणी पडलं आणि साध्या फोनवरून ११२ लागला, तर पलीकडच्या माणसाला सांगायचे आहेत ते हेच आकडे.