पडू नये म्हणून बसवून ठेवू नका : आजी-आजोबांचा तोल आणि पायांची ताकद

"आजी, तुम्ही उठू नका, मी आणून देते." "बाबा, जिन्याने जाऊ नका, पडाल." ज्या घरात सत्तरीपुढचं माणूस आहे, त्या घरात ही वाक्यं दिवसातून दहा वेळा ऐकू येतात. ती मायेपोटीच म्हटलेली असतात. पण शरीराचा हिशोब वेगळा आहे. जो स्नायू वापरला जात नाही तो झिजतो, आणि पायातली ताकद गेली की साधी सतरंजीची कडसुद्धा माणसाला पाडते. म्हणजे पडू नये म्हणून ज्याला बसवून ठेवलं, त्याचीच पडण्याची शक्यता वाढत जाते. यावरचा उपाय घरातल्या घरात, एका खुर्चीच्या आणि स्वयंपाकाच्या ओट्याच्या आधाराने करता येतो. आजच्या पाठात तो समजून घेऊ.

विषय किती गंभीर आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात. अपघाती दुखापतींनी होणाऱ्या मृत्यूंमध्ये रस्ते अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो. पडून मृत्यू येण्याचं सर्वाधिक प्रमाण साठीपुढच्या लोकांत आहे. भारतात २०११ च्या जनगणनेनुसार साठीच्या पुढचे १० कोटींहून अधिक लोक होते. त्यामुळे हा प्रश्न आपल्या प्रत्येकाच्या घरापर्यंत येणारा आहे.

पडणारा प्रत्येक जण दगावत नाही. पण खुब्याचं हाड मोडलं, तर ऑपरेशन, काही महिने दुसऱ्यावर अवलंबून राहणं आणि मनात बसलेली धास्ती हे सगळं मागोमाग येतं.

माणूस तोल कसा सांभाळतो?

आपला तोल तीन ठिकाणांहून येणाऱ्या बातम्यांवर चालतो. डोळे सांगतात समोर काय आहे. कानाच्या आतला भाग सांगतो डोकं कुठे झुकलं आहे. तळपायांची त्वचा, स्नायू आणि सांधे सांगतात की पायाखालची जमीन कशी आहे. मेंदू या तिन्ही बातम्या एकत्र करतो आणि पायांच्या स्नायूंना हुकूम देतो.

वर्गात याचा सोपा प्रयोग घेता येतो. मुलांच्या जोड्या करा. एकाने बाकाजवळ एका पायावर उभं राहायचं, दुसऱ्याने सावरायला तयार राहायचं. आधी डोळे उघडे ठेवून सेकंद मोजा, मग डोळे मिटून. डोळे मिटताच पाय कसा लटपटतो ते मुलांना लगेच कळतं. मग विचारा, "आजोबांना मोतीबिंदू असेल तर काय होत असेल?" उत्तर मुलंच देतात. मात्र डोळे मिटण्याचा हा प्रयोग घरी आजी-आजोबांवर करायचा नाही, हे मुलांना बजावून सांगा.

वय वाढलं की नजर मंदावते. मधुमेह असेल तर तळपायाची संवेदना कमी होऊ शकते. झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांनी काहींना चक्कर येते. आणि मेंदूने हुकूम दिला तरी मांडीच्या, खुब्याच्या आणि पोटरीच्या स्नायूंत तो झटपट पाळण्याची ताकद उरलेली नसते. ठेच आपल्यालाही लागते. आपण पटकन एक पाऊल पुढे टाकून सावरतो. ते एक पाऊल ज्याला वेळेवर टाकता येत नाही, तो पडतो.

भीतीचं चक्र

एकदा पडलेल्या माणसाला पुन्हा पडण्याची भीती वाटते. भीतीमुळे तो चालणं कमी करतो. चालणं कमी झाल्यावर पाय अशक्त होतात. अशक्त पायांमुळे तो पुन्हा पडतो. घरचे लोक काळजीपोटी सगळं हातात आणून देऊ लागले की हे चक्र आणखी वेगाने फिरतं.

पूर्वी जेवण, निवडणं-टिपणं, पूजा सगळं जमिनीवर बसून व्हायचं. दिवसभरात कितीदा तरी खाली बसणं आणि उठणं व्हायचं. तो पायांचा न सांगता झालेला व्यायाम होता. सोफा, पलंग आणि कमोड आल्यावर गुडघ्यांना आराम मिळाला, तो हवाच होता. पण मांड्यांचं काम गेलं, आणि त्याची भरपाई आपण केली नाही.

ड्युनेडिन शहरातला प्रयोग

घरच्या घरी व्यायाम देऊन पडणं कमी होतं का, हे न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात तपासलं गेलं. ओटागो विद्यापीठातले जॉन कॅम्पबेल, क्लेअर रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यात ८० वर्षं आणि त्यापुढच्या २३३ स्त्रिया होत्या. त्यांचे दोन गट केले. एका गटातल्या बायकांच्या घरी पहिल्या दोन महिन्यांत फिजिओथेरपिस्ट चार वेळा गेली, प्रत्येकीला झेपतील असे ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम शिकवले आणि ते पुढे चालू ठेवायला सांगितले. दुसऱ्या गटाकडेही तेवढ्याच भेटी झाल्या, पण त्या नुसत्या गप्पांच्या.

वर्षभराने मोजणी केली. गप्पांच्या गटात पडण्याच्या १५२ घटना झाल्या होत्या, व्यायामाच्या गटात ८८. आपुलकीने विचारपूस करणं चांगलंच, पण तेवढ्याने पाय मजबूत होत नाहीत, हे या आकड्यांतून दिसतं.

हाच कार्यक्रम पुढे 'ओटागो व्यायाम कार्यक्रम' म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याच्या चार अभ्यासांतल्या ६५ ते ९७ वयाच्या १,०१६ लोकांची माहिती एकत्र केली तेव्हा पडणं सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. सगळ्यांत जास्त फायदा ऐंशीपुढच्यांना झाला. "आता या वयात काय व्यायाम करायचा!" असं म्हणणाऱ्यांसाठी हे महत्त्वाचं आहे.

२०१९ साली १०८ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात व्यायामामुळे पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी होतं असं आढळलं. मात्र निव्वळ चालण्याने तेवढाच फायदा होतो, असं त्यात ठामपणे दिसलं नाही. सकाळचा फेरफटका हृदयासाठी, मनासाठी चांगला आहे, तो चालू ठेवावा. पण "आमचे बाबा रोज बागेत जातात, त्यांना वेगळ्या व्यायामाची गरज नाही" हा समज बरोबर नाही. तोलाचा आणि ताकदीचा सराव वेगळा करावाच लागतो.

सुरू करण्याआधी

आधी डॉक्टरांना दाखवा आणि शक्य असेल तर फिजिओथेरपिस्टला एकदा तरी घरी बोलवा. छातीत दुखणं, वारंवार चक्कर, नुकतंच झालेलं ऑपरेशन, पक्षाघात किंवा पार्किन्सन असेल तर विचारल्याशिवाय काहीही सुरू करू नका. झोपेच्या गोळ्या किंवा इतर औषधांमुळे झोकांड्या जात असतील तर डॉक्टरांशी बोला, पण गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

तोलाचा अंदाज घेण्याची एक सोपी पद्धत आहे. भिंतीजवळ किंवा ओट्याजवळ, शेजारी धडधाकट माणूस ठेवून, एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या अंगठ्याला लावून सरळ रेषेत उभं राहायला सांगा. आधाराशिवाय असं १० सेकंद उभं राहता आलं नाही, तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असं समजावं आणि तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

घरी करायचे व्यायाम

जड, न घसरणारी, हात असलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. प्लास्टिकची हलकी खुर्ची नको. पायात नीट बसणाऱ्या चपला किंवा बूट हवेत, मोजे घालून करू नये. साडीचा किंवा धोतराचा घोळ पायात येणार नाही असा वर खोचून घ्यावा.

१. खुर्चीतून उठणं-बसणं. सुरुवातीला दोन्ही हातांचा आधार घ्या, मग एका हाताचा, जमू लागलं की आधाराशिवाय. बसताना धपकन बसू नये, सावकाश टेकावं. पाच वेळांपासून सुरुवात करून दहापर्यंत जा.

२. गुडघा सरळ करणं. खुर्चीत बसून एक पाय समोर सरळ करा, हळूहळू खाली आणा. मांडीच्या पुढच्या स्नायूंसाठी.

३. गुडघा मागे दुमडणं. ओटा धरून उभं राहा आणि टाच पाठीमागे उचला.

४. पाय बाजूला उचलणं. ओटा धरूनच, अंग न झुकवता एक पाय बाजूला न्या. चालताना तोल सांभाळणारे खुब्याचे स्नायू यातून तयार होतात.

५. चवड्यांवर आणि टाचांवर. आधी टाचा उचलून चवड्यांवर उभं राहा, मग चवडे उचलून टाचांवर.

६. आडवं चालणं. ओट्याच्या कडेने खेकड्यासारखं डावीकडे आणि उजवीकडे.

७. रेषेवर चालणं. फरशीच्या सरळ रेषेवर टाचेला अंगठा लावत, एक हात भिंतीवर ठेवून.

८. एका पायावर उभं राहणं. ओटा धरून, १० सेकंदांपर्यंत.

ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती देऊन करावेत. सगळं मिळून अर्धा तास पुरतो. सुरुवातीला दहा मिनिटंही चालतील. करताना श्वास कोंडायचा नाही. स्नायू थोडे भरून आले तर हरकत नाही, पण सांध्यात कळ आली किंवा चक्कर आली तर लगेच थांबा. सोपं वाटू लागलं की घोट्याला वजन बांधायचं किंवा आधार कमी करायचा, पण तो निर्णय फिजिओथेरपिस्टला विचारून घ्या. अगदी सोपा राहिलेला व्यायाम ताकद वाढवत नाही.

वेगळा वेळ मिळत नसेल तर

ऑस्ट्रेलियातल्या सिडनीमध्ये लिंडी क्लेमसन यांच्या गटाने रोजच्या कामातच व्यायाम मिसळण्याची पद्धत तयार केली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात आधी पडलेल्या, सत्तरीपुढच्या ३१७ लोकांचा समावेश होता आणि या पद्धतीने पडणं ३१ टक्क्यांनी कमी झालं.

आपल्या घरात हे सहज जमेल. दूध तापेपर्यंत ओटा धरून टाचा उचलायच्या. दात घासताना बेसिन धरून एक पाऊल दुसऱ्याच्या पुढे ठेवून उभं राहायचं. टीव्हीवर जाहिराती लागल्या की खुर्चीतून पाच वेळा उठायचं. आजींना वाटाणे सोलायला, कपड्यांच्या घड्या घालायला, देवाची फुलं काढायला मुद्दाम द्या. काम काढून घेतलं की पायांचा सरावही जातो.

घरही तपासा

बाथरूममध्ये पक्का दांडा बसवा, टॉवेलचा रॉड माणसाचं वजन पेलत नाही. मोरीतलं शेवाळ घासून काढा. निसटणारी पायपुसणी आणि दुमडलेल्या सतरंज्या उचला. पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर रात्री मंद दिवा राहू द्या. उंबरठ्याच्या कडेला ठळक रंगाची पट्टी लावा. रात्री झोपेतून उठताना आधी पलंगावर मिनिटभर पाय सोडून बसावं, मग उभं राहावं.

एवढं करूनही कुणी पडलं तर घाईने ओढून उभं करू नका. आधी बोलतं करा, कुठे दुखतंय ते विचारा. खुब्यात खूप दुखत असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर हलवू नका, १०८ वर फोन करा. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात न्या.

मुलांसाठी उपक्रम

या विषयात नातवंडांचा उपयोग सगळ्यांत जास्त होतो. डॉक्टरांनी व्यायामाला हरकत नाही असं सांगितल्यावर मुलांना तीन कामं देता येतील.

१. घरात घसरण्याच्या आणि अडखळण्याच्या जागा शोधून त्यांचा नकाशा काढणे.

२. आजी-आजोबा खुर्चीतून किती वेळा उठले ते मोजून तक्त्यात लिहिणे. मोठं माणूस शेजारी असेल तेव्हाच.

३. आठ आठवड्यांनी पहिल्या आणि शेवटच्या आठवड्याच्या आकड्यांचा स्तंभालेख काढून वर्गात दाखवणे.

यात विज्ञानही येतं, गणितही येतं. आणि रोज संध्याकाळी "आजी, आज सहा झाले, उद्या सात करू" असं म्हणणारं कुणीतरी शेजारी असलं की आजीही उठतात. पालकांनी एवढंच पाहावं की तक्ता आठवडाभराने कोरा राहत नाही ना. कारण व्यायाम बंद झाला की कमावलेली ताकद हळूहळू कमी होते. औषधाच्या डबीसारखाच हा तक्ता रोज नजरेला पडेल अशा जागी, फ्रिजच्या दारावर लावून ठेवा.